केसांतल्या गोळ्या

आमच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या आहेत. दाराजवळची दादाची, आतली माझी. बावीस वर्षं हाच क्रम होता. गिऱ्हाईक आत आलं की आधी दादाच्या खुर्चीकडे बघायचं. ती रिकामी नसेल तर बाकावर बसून पेपर उघडायचं, आणि पेपरही दुसऱ्या कुणाच्या हातात असेल तरच नाइलाजाने माझ्याकडे यायचं. मला त्याचा राग यायचा नाही असं मी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. न्हाव्याचं बोलणं निम्मंच खरं धरायचं असतं. पण आज सांगतोय ते सगळं खरं आहे, कारण त्यात मी चांगला दिसत नाही.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. त्यानंतर मला शाळेत ठेवणारा, शाळेतून पळालो की कान धरून परत नेणारा आणि शेवटी कंटाळून हातात वस्तरा देणारा दादाच. वस्तरा शिकवायची त्याची रीत म्हणजे फुगा. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि त्याच्यावरून वस्तरा फिरवायचा. फुगा फुटला की सगळा फेस आपल्या तोंडावर. मी एकोणीस फुगे फोडले. शेजारचा दुकानदार विचारायचा, "कुणाचा वाढदिवस आहे रे रोज?" विसावा फुगा फुटला नाही, तेव्हा दादा स्वतःच्या खुर्चीत बसला आणि त्याने मान वर केली. माझ्या आयुष्यातली पहिली दाढी मी त्याची केली. तीन ठिकाणी कापलं. तुरटी फिरवत तो म्हणाला, "मान हलली माझी." त्याची मान अजिबात हलली नव्हती.

असा माणूस. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पाकीट फोडायचा, ब्लेडचे दोन तुकडे करायचा, अर्धं वस्तऱ्यात बसवायचा. दाढी झाली की ते अर्धं भिंतीवरच्या पत्र्याच्या डब्यात, फटीतून आत. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. पुढे एकदा आरोग्य खात्याची माणसं आली आणि आमच्या दोन आरशांच्या मधोमध एक कागद चिकटवून गेली: दाढी करताना नव्या ब्लेडचा आग्रह धरा. खाली लाल अक्षरांत त्या आजाराचं नाव. कागदाचा एक कोपरा दुमडला होता. दादाने तो ओल्या बोटाने नीट बसवला. तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

वहिनी आधी गेली. वर्षभर ताप, खोकला, वजन उतरत चाललेलं. प्रत्येक डॉक्टरने वेगळं नाव दिलं आणि वेगळं औषध. त्या तपासणीला तिचं रक्त कुणी पाठवलंच नाही. मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर दादा दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला आला. चौदा महिन्यांनी त्यालाही तसाच ताप चढला, तेव्हा एका तरुण डॉक्टरणीने त्याचं रक्त पाठवलं.

सुट्टीचा दिवस होता, भर दुपार. दादाने मला दुकानात बोलावलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. तो स्वतःच्या खुर्चीत नाही, माझ्या खुर्चीत बसला. मला ते विचित्र वाटलं. मग त्याने हातातला कंगवा भिंतीवरच्या कागदाकडे केला.

"ते," तो म्हणाला. "ते झालंय मला. म्हणजे तिलाही तेच असणार. माझ्यामुळे."

अशा वेळी भावाने काय बोलायचं असतं? माणसं मिठी मारतात, रडतात, देवाला शिव्या देतात. मी म्हणालो, "गिऱ्हाइकांना कळता कामा नये."

हे माझं पहिलं वाक्य. दुसरं काय बोललो ते आठवत नाही, पहिलं मात्र विसरता येत नाही. दादाने मान डोलावली, जणू मी फारच शहाणपणाचं काहीतरी बोललो होतो.

सरकारी दवाखान्यात मागच्या बाजूला, एक्स-रेच्या खोलीच्या पलीकडे एक दार आहे. त्याला पाटी नाही, आणि पाटी नाही म्हणूनच ते कसलं दार हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे बाकावर बसलेली माणसं एकमेकांच्या फक्त चपला ओळखतात. आत एक समुपदेशक बाई बसायच्या. महिन्याची औषधं देण्याआधी त्या बाटलीत उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतून मोजायच्या, म्हणून दादाने त्यांचं नाव ठेवलं मोजणीबाई. पहिल्या दिवशी त्यांनी कागदावर सूर्य आणि चंद्र काढून समजावलं. सकाळी नऊला लांबट पांढरी गोळी, पोटात काहीतरी असताना. रात्री नऊला पुन्हा तीच. झोपताना एक पिवळी, पण तेलकट खाल्ल्यावर नाही. रोज, त्याच वेळेला, जन्मभर.

"एखादा दिवस राहिला तर?" मी विचारलं.

"राहू द्यायचा नाही," मोजणीबाई म्हणाल्या. "तुम्ही कोण यांचे?"

"धाकटा भाऊ."

"मग इथे सही करा. सोबती म्हणून. गोळ्या घेतात की नाही, ते तुम्ही बघायचं."

मी सही केली. अगदी वळणदार.

सुरुवातीला मी खरंच बघायचो. दादा नऊ वाजता हातातलं काम संपवून मागच्या मोरीत जायचा, नळ सोडायचा, गोळी घ्यायचा, मिशी पुसत यायचा. पहिला महिना पांढऱ्या गोळीने मळमळायचं आणि पिवळीने डोकं गरगरायचं, पण तो कुरकुरला नाही. पावणेदोन वर्षं असंच सुरळीत गेलं. वजन भरलं, आवाज पूर्वीसारखा चढला. मोजणीबाई त्याला म्हणायच्या, "तुमच्यासारखे दहा असते तर मला मोजायलाच लागलं नसतं."

याच काळात मी काय करत होतो तेही सांगतो. माझी मुलगी सहा वर्षांची होती. तिचे केस कायम दादाच कापायचा. खुर्चीवर आडवी फळी टाकायची, तिला त्यावर बसवायचं आणि कपाळावरची झालर सरळ रेषेत कापायची. एका रविवारी ती नेहमीप्रमाणे त्याच्या खुर्चीवर चढायला लागली. मी तिला उचललं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. म्हणालो, "आज बाबा कापणार." दवाखान्यात मला दोनदा समजावून सांगितलं होतं, की कात्री-कंगव्याने हा आजार होत नाही. मला ते पाठ होतं. तरी उचललंच. दादाने फळी काढून भिंतीला लावली आणि स्वतःची रिकामी खुर्ची फडक्याने झटकली. झालर वाकडी झाली. पोरगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. दादा त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही, आणि मला वाटलं, सुटलो.

मग हेडमास्तरांचा प्रसंग झाला. हे निवृत्त हेडमास्तर एक दिवसाआड दाढीला यायचे, दादाच्याच खुर्चीत. समोर दिसेल ते मोठ्याने वाचायची त्यांना खोड. तेलाच्या बाटलीवरचं, पावडरच्या डब्यावरचं, कॅलेंडरवरचं सगळं. एका सकाळी घाईत दादाची गोळ्यांची बाटली मोरीतून येताना आरशाखालच्या फळीवर राहिली. हेडमास्तरांनी चष्मा नाकावर सरकवला आणि त्यावरचं लांबलचक नाव अक्षर अक्षर जुळवत वाचलं.

"हे कसलं रे औषध?"

"पित्ताचं, सर," दादा म्हणाला.

"पित्ताला एवढं मोठं नाव? माझा पुतण्या डॉक्टर आहे. विचारतो त्याला."

दादाने फेस लावून त्यांचं तोंड बंद केलं. माझ्या हातातली कात्री मात्र जागच्या जागी थांबली. दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. डोळ्यांसमोर रिकामा बाक येत होता, दारावर काय काय लिहिलेलं दिसत होतं. हेडमास्तर नंतर ते विसरूनही गेले, हे मला पुढे कळलं. पण त्या संध्याकाळी मी दादासमोर हात जोडले.

"दुकानात नको हे. पाया पडतो तुझ्या. वर खोलीत घे."

"नऊला बाक भरलेला असतो धाकट्या. वर कसा जाऊ? सकाळी नऊला आणि रात्री नऊला मी तिथेच उभा असतो."

"मग सातला घे. नाहीतर अकराला. दोन तासांनी काय बिघडतंय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मोजणीबाईंचे सूर्य-चंद्र आम्हा दोघांनाही आठवत होते.

"बरं," तो म्हणाला.

दादाचं 'बरं' मी आयुष्यभर ऐकलं आहे. मला सायकल हवी होती तेव्हा बरं. माझं लग्न आधी करू या म्हणालो तेव्हा बरं. त्याने बाटली वरच्या खोलीत नेली. सकाळची गोळी कधी सातला, कधी अकराला, कधी दुपारी जेवताना. गिऱ्हाईक सुटलं नाही की संध्याकाळी. असं पाचसहा महिने चाललं, आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण मला ती दिसत नव्हती.

आमच्याकडे केर मी काढतो. दादा वस्तरे पुसतो, मी झाडतो, ही पहिल्यापासूनची वाटणी. दिवसभराचे केस झाडूने गोळा करायचे, सुपलीत भरायचे, मागच्या पोत्यात टाकायचे. शनिवारी केस नेणारा माणूस येतो आणि पोतं खांद्यावर टाकून जातो. एका संध्याकाळी सुपली उचलली तर केसांत काहीतरी पांढरं दिसलं. लांबट, मधोमध रेघ. केस चिकटून तिला मिश्या आल्यासारख्या दिसत होत्या.

मी वर बघितलं. दादा पाठमोरा उभा राहून वस्तरे पुसत होता. आमच्या दुकानात पाठमोरं असण्याला तसा काही अर्थ नसतो, समोर आरसा असतो. आरशात त्याची मान खाली होती.

मी सुपली पोत्यात उलटी केली.

पडली असेल खिशातून, मी स्वतःला सांगितलं. चार दिवसांनी दोन दिसल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात पांढऱ्या आणि पिवळ्या दोन्ही. मग मी सुपलीत बघणंच सोडून दिलं. मान दुसरीकडे वळवून केस भरायचो, पण कानांना ऐकू यायचं. केसांचा आवाज होत नाही, गोळीचा होतो. पत्र्याच्या सुपलीवर टक् असा. महिन्याच्या शेवटी मोजणीबाईंसमोर बाटली ओतली की हिशोब अगदी चोख, जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच. मी शेजारी बसून माना डोलवायचो.

आठ महिने. डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात ते मी रोज संध्याकाळी झाडू हातात घेऊन केलं. मूग गिळून बसलो. कारण विचाराल तर सांगतो, आता लपवून काय करायचं आहे. मला बरं वाटत होतं. गोळ्या नाहीत म्हणजे बाटल्या नाहीत, मोरीत जाणं नाही, कुणी काही वाचणं नाही. दादा खात होता, हसत होता, गिऱ्हाइकांची टवाळी करत होता. बाक भरलेला होता. आजार जणू त्या पोत्यातून शनिवारी शनिवारी बाहेर चालला होता, आणि मी तो जाऊ देत होतो.

बायको एकदा म्हणाली, "भाऊजी उतरलेत हो फार. गालाची हाडं दिसायला लागलीत."

तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. म्हणालो, "उन्हाचे दिवस आहेत."

त्यानंतर दादाला आरसा पुसायचा नाद लागला. फडकं घ्यायचा, पुसायचा, मागे सरकून बघायचा, पुन्हा पुसायचा. "डाग जात नाहीत रे," म्हणायचा. "बारीक बारीक, माश्या फिरल्यासारखे." मला आरशात काही दिसत नव्हतं. मी त्याची थट्टा केली. "आरसा झिजवून पलीकडच्या दुकानात निघशील," म्हणालो, आणि बाकावरची माणसं हसली. दादाही हसला. डाग आरशात नव्हते, त्याच्या उजव्या डोळ्यात होते. हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी आणखी तीन आठवडे थट्टा करत होतो.

मग त्याने हेडमास्तरांचा कान कापला. फार नाही, पाळीला जरासं. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा. कान होता त्याच्या इंचभर पलीकडे त्याला तो दिसला होता. हेडमास्तर "अरे, अरे" करत उठले. दादा वस्तरा हातात धरून तसाच उभा राहिला, आणि मग खाली बसला, फरशीवर, केसांत. अंग चुलीसारखं तापलं होतं.

वॉर्डमध्ये चौथ्या दिवशी मोजणीबाई आल्या. हातात दादाचं कार्ड होतं. मला त्यांनी व्हरांड्यात नेलं.

"मोजणी कायम बरोबर होती," त्या म्हणाल्या. "रक्त मात्र वेगळंच सांगतंय. एक तर औषधं घेऊनही लागू पडेनाशी झालीत, नाहीतर घेतलीच गेली नाहीत. दोन्हींत फरक आहे. पुढे काय द्यायचं ते डॉक्टरांना त्यावरून ठरवायचंय. वेळही थोडा आहे. तुम्हाला घरात, दुकानात कधी काही दिसलं का? टाकलेल्या गोळ्या वगैरे?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही."

त्यांनी कार्डावरच्या माझ्या सहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आठवून बघा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मी व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो. केसाने गळा कापणं मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "दाढी कर रे माझी. आरशात बघवत नाही म्हणतात तसं झालं असेल. मला तर धड दिसतही नाही."

मी दुकानातून त्याचाच वस्तरा आणला, ब्रश, वाटी, तुरटी. नर्सच्या टेबलावर हातमोज्यांचा डबा होता. माझा हात आधी तिकडे गेला. दादाच्या डाव्या डोळ्याला ते दिसलं.

"घाल," तो म्हणाला. "घाल, त्यात काय."

मोजे घालून दाढी होत नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं. डाव्या हाताच्या बोटांना खुंट लागले पाहिजेत, तरच वस्तऱ्याला दिशा कळते. मी मोजा फक्त वस्तऱ्याच्या हातात घातला आणि डावा हात उघडा ठेवून त्याच्या गालाला लावला. तीन वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हात लावत होतो. कातडी सैल झाली होती, ओढली की हातात यायची. पाकीट त्याच्यासमोर फोडलं, ब्लेडचे दोन तुकडे केले. त्याने ते ऐकलं आणि मान डोलावली.

एक गाल झाला. दुसरा झाला. त्याने मान वर केली, मी गळ्याशी आलो.

"तुला सुपलीत दिसायच्या ना?" तो म्हणाला.

मी वस्तरा उचलला. "काय?"

"गोळ्या रे. केसांतल्या."

वॉर्डमध्ये कुणाची तरी बादली खडखडली.

"मोरीत सोडता आल्या असत्या मला," दादा म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारतो तसा. "गटार तिथेच आहे. खिडकीतून फेकता आल्या असत्या. केसांतच का टाकायचो सांग."

"का?"

"केर तू काढतोस म्हणून."

मी वस्तरा परत त्याच्या गळ्याला लावला.

"कंटाळा आला होता धाकट्या. ती पिवळी घेतली की तुझी वहिनी रोज स्वप्नात यायची. काही बोलायची नाही, नुसती माझ्या हाताकडे बघायची. वाटायचं, हे तिला मिळालं नाही, आपण कसं गिळायचं? तुझ्याशी बोलावं तर तू दाराकडे बघायचास, कुणी ऐकतंय का. मग म्हटलं, टाकू. तू बघशील. ओरडशील, दोन शिव्या हासडशील. मग मी घेईन. रोज आरशात बघायचो मी तुझ्याकडे."

"मग?"

"मग तू सुपली उलटी करायचास."

माझा हात हलला. गळ्याखाली बारीक लाल टिपका उमटला आणि मोठा झाला. मी मोज्याच्या हाताने कापूस दाबून धरला.

"मान हलली माझी," दादा म्हणाला.

दाढी तशीच अर्धी सोडून मी एक्स-रेच्या खोलीपलीकडच्या त्या दारापाशी गेलो. बाकावर माणसं बसली होती, त्यांच्यासमोरच मोजणीबाईंना सगळं सांगितलं. आठ महिने. पांढऱ्या आणि पिवळ्या. सुपली, पोतं, शनिवार. त्याआधी दोन तासांनी काय बिघडतंय असं मीच म्हणालो होतो तेसुद्धा. मला वाटलं होतं त्या झापतील. झापलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, "त्यांची दाढी पुरी झाली का? जा, ती आधी करा."

दादा वाचला. उजवा डोळा गेला. एका डोळ्याला अंतर कळत नाही, म्हणून वस्तरा त्याने स्वतःहून खाली ठेवला. मी पुष्कळ म्हणालो, कात्री तरी धर. तो म्हणाला, "बावीस वर्षांत एक कान, तेवढा पुरे." आता तो स्वतःच्या खुर्चीत नुसता बसून असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारतो. त्याच्या खुर्चीवर मी दुसरा कारागीर ठेवला नाही.

औषधं बदलली, पूर्वीपेक्षा जास्त आहेत. बाटल्या आरशाखालच्या फळीवर असतात, तेलाच्या बाटल्यांशेजारी. नऊ वाजले की मी हातातलं काम थांबवतो, पाण्याचा ग्लास भरतो आणि म्हणतो, "दादा, गोळ्या." पहिल्या दिवशी बाक भरलेला होता, तरी म्हणालो. बातमी पसरायची ती पसरली. बाक निम्मा झाला. काही जण दाराशी येऊन, कागदाकडे आणि दादाकडे बघून, काहीतरी आठवल्यासारखं करून परत गेले. बायकोला मी घरी बसवून सगळं सांगितलं. मग तिने मला विचारलं, "पोरीला त्या दिवशी भाऊजींच्या खुर्चीवरून उचललंत, ते याचसाठी?" हेडमास्तर दोन महिने आले नाहीत. मग एका सकाळी आले, कानाच्या पाळीवरून हात फिरवत माझ्या खुर्चीत बसले, आणि फळीवरच्या बाटल्यांची नावं एकामागून एक मोठ्याने वाचून काढली. दादाने त्यांचे उच्चार सुधारले.

केर अजून मीच काढतो. पण सुपली पोत्यात उलटी करण्याआधी खाली बसतो आणि बोटांनी केस विंचरून बघतो. रोज. काही निघत नाही. दादाला ठाऊक आहे मी काय शोधतो ते.

परवा शनिवार होता. केस नेणारा लवकर आला, म्हणून सकाळीच झाडायला घेतलं. बाकावर चार माणसं होती, हेडमास्तर खुर्चीत फेस लावून बसलेले. केसांत बोटं घातली आणि काहीतरी पांढरं, टणक हाताला लागलं. मी ते उचललं, नीट बघितलंही नाही, आणि ओरडलो.

"दादा! हे काय आहे?"

सगळे वळले. पेपर खाली आले. केस नेणारा पोतं अर्धवट उचलून थांबला. हेडमास्तर फेसासकट मागे वळले. मी दादासमोर तळहात धरून उभा होतो.

"बोल ना. काय आहे हे? परत टाकायला लागलास? बोल!"

दादाने ते माझ्या हातातून घेतलं. डाव्या डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मग अंगठ्याने चाचपलं.

"बटण आहे," तो म्हणाला. "शर्टाचं. चार भोकं आहेत बघ."

बाकावर कुणीतरी हसलं. मी तिथेच फरशीवर बसलो. दादाने ते बटण परत माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं त्याच्यावर मिटली.

"पण विचारलंस," तो म्हणाला.